अमर्याद योजनेचा वाजवी वापर

भूगोलाच्या निवृत्त मास्तरांनी इंटरनेटची अमर्याद योजना घेतली आणि ती वापरायला सुरुवात केली. पुढे जे काही घडलं त्याचं मूळ या दोन गोष्टींपैकी दुसरीत आहे, असं कंपनीचं म्हणणं होतं. पहिल्या गोष्टीबद्दल कंपनीची काहीच तक्रार नव्हती.

त्या काळी इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून घरात येई. मोडेम नावाची एक चपटी डबी नंबर फिरवी, खाकरे, शिट्टी मारी, घसा खरवडल्यासारखा आवाज काढी आणि मग एकदम गप्प होई. गप्प झाली की समजायचं, जोडणी झाली. जितका वेळ जोडणी तितके पैसे, अशी सगळीकडे रीत होती. एका कंपनीने मात्र महिन्याला एकच ठरावीक रक्कम घेऊन ‘हवं तेवढं वापरा’ अशी योजना काढली. जाहिरातीत एक अख्खं कुटुंब संगणकाभोवती बसून हसत होतं. कशाला हसतंय ते दाखवलं नव्हतं.

मास्तरांकडे ही योजना घ्यायला सबळ कारण होतं. मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवता पोचवता त्यांचा घसा जो बसला तो कायमचा. शस्त्रक्रिया झाली, औषधं झाली, आणि शेवटी डॉक्टरांनी आता आवाजाची वाट पाहू नका असं सांगितलं. तेव्हापासून मास्तर काखेत पाटी आणि खिशात खडू घेऊन वावरत. इकडे मास्तरांचा आवाज गेला आणि तिकडे, दिवसभराच्या प्रवासावर राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या बहिणीचे कान गेले. त्यात ताईंचं कमरेचं हाड मोडलं, ते सांधलं, पण चालणं काठीच्या आधाराने खोलीपुरतं उरलं. एकाला बोलता येईना, दुसरीला ऐकू येईना. दोन्ही घरांत टेलिफोन होते आणि त्यांचा उपयोग इतरांना.

यातून वाट काढली ती मास्तरांच्या सूनबाईंनी. त्या टंकलेखनाचे वर्ग चालवत. त्यांनी सासऱ्यांना कळफलकावर बोटं कशी ठेवायची ते शिकवलं, चार दिवस ताईंकडे राहून त्यांनाही शिकवलं, आणि दोन्ही घरांत एक जुना संगणक आणि एक मोडेम बसवून दिला. स्क्रीनच्या वरच्या अर्ध्या भागात मास्तर लिहीत आणि खालच्या भागात ताईंचं लिहिणं एकेक अक्षर करत उमटत जाई. पहिल्याच दिवशी दोघांचं भांडण झालं. वडिलांची सायकल हिरवी होती असं ताईंचं म्हणणं. ती काळी होती, आणि ताईंना आठवतेय ती पोस्टमनची, असं मास्तरांचं. हा वाद रोज सकाळी सुरू होई आणि संध्याकाळी अनिर्णित राही. सतत काही लिहीत बसायचे असंही नाही. मधेच ताई डुलकी काढत, मास्तर पेपर वाचत, पण लाइन चालू ठेवलेली असे. समोर माणूस आहे, एवढ्यावर दोघांचं भागे.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका सकाळी मास्तरांच्या स्क्रीनवर एक चौकट उगवली.

‘प्रिय ग्राहक, आपण आमच्या सेवेचा वापर करत असल्याचे आमच्या निदर्शनास आले आहे. हा वापर सरासरी ग्राहकापेक्षा अधिक असल्याने आपले वर्गीकरण अतिवापरकर्ता असे करण्यात येत असून, इतर ग्राहकांच्या हितासाठी आपली जोडणी वेळोवेळी खंडित केली जाईल. आपल्या आनंददायी अनुभवासाठी आम्ही कटिबद्ध आहोत.’

मास्तरांनी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायच्या आत जोडणी तुटली.

त्यानंतर ती रोज तुटू लागली. ताई एखाद्या मुद्द्यावर ऐन रंगात आल्या की लाइन गायब. पुन्हा नंबर फिरवावा तर एंगेज. तासाभराने लाइन मिळे तेव्हा ताईंनी लिहून ठेवलेलं असे, ‘उत्तर सुचलं नाही की पळतोस, गिड्ड्या. लहानपणापासूनची सवय.’ मास्तर चांगले उंच होते. गिड्ड्या हे नाव ते उंच होण्याच्या आधी पडलं होतं आणि ताईंना ते बदलायचं काही कारण दिसलं नव्हतं. पळपुटेपणाचा आरोप मात्र मास्तरांच्या फार जिव्हारी लागला. ते पाटी घेऊन, सूनबाईंना सोबत घेऊन, कंपनीच्या ग्राहकसुख केंद्रात गेले.

तिथे एक तरुण, नम्र आणि अतिशय स्वच्छ शर्ट घातलेला माणूस बसला होता. त्याच्या टेबलावरच्या पट्टीवर ‘विवेकी वापर अधिकारी’ असं लिहिलेलं होतं. त्याने दोघांना बसायला सांगितलं, पाणी विचारलं आणि मग मास्तरांचं खातं उघडून हळहळला.

“योजना अमर्याद आहे ना?” सूनबाईंनी विचारलं.

“अमर्यादच आहे. त्याबद्दल मनात शंका आणू नका.”

“मग ही मर्यादा कसली?”

“मर्यादा योजनेला नाही, मॅडम. ग्राहकाला आहे.”

मास्तरांनी पाटीवर काहीतरी खरडलं. पाटी वाचून दाखवण्याचं काम सूनबाईंकडे होतं आणि त्या ते आपल्या पद्धतीने करत. पाटीवर लिहिलं होतं, ‘हा मूर्ख आहे की मला समजतो?’ सूनबाई म्हणाल्या, “बाबा विचारतायत, जरा पुन्हा समजावून सांगाल का?”

अधिकाऱ्याने समजावून सांगितलं. कंपनीचे बहुतेक ग्राहक दिवसातून एकदा जोडणी करतात, पत्रं आली का पाहतात आणि बंद करतात. याला वाजवी वापर म्हणतात. मास्तरांसारखे थोडे लोक मात्र ‘हवं तेवढं’ या शब्दांचा शब्दशः अर्थ घेतात. जाहिरातीतले शब्द भावनेच्या भरात लिहिलेले असतात, ते भावनेनेच घ्यायचे असतात. सूनबाईंनी विचारलं, की मग नेमका किती वापर वाजवी, तेवढं तरी सांगा. तो आकडा गोपनीय असल्याचं अधिकाऱ्याने सांगितलं. सांगितला तर लोक तिथपर्यंत वापरतील, अशी कंपनीला भीती होती.

सूनबाईंनी मग रीतसर तक्रार करायची आहे असं सांगितलं. तिलाही अधिकाऱ्याची काही हरकत नव्हती. तक्रार ग्राहकाने स्वतः, स्वतःच्या आवाजात, मदतवाहिनीवर फोन करून नोंदवायची होती.

“त्यांना आवाज नाही,” सूनबाई म्हणाल्या.

अधिकाऱ्याने मास्तरांकडे पाहिलं, मग आपल्या स्क्रीनकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. “त्याचीही सोय आहे. लेखी तक्रार. ती इंटरनेटवरून करायची.”

“ते तर तुम्ही तोडताय.”

“हो, म्हणून शक्यतो थोडक्यात लिहा. तक्रारीला लागलेला वेळ वापरात धरला जातो.”

मास्तर घरी परतले तेव्हा जिन्यात खालच्या मजल्यावरचा शिंपी भेटला. शिंपी लग्नकार्याचे झगझगीत पोशाख शिवी. नवनवे नमुने त्याला इंटरनेटवर पाहायला मिळत, त्यामुळे तोही याच कंपनीचा ग्राहक होता. त्यालाही कंपनीकडून एक चौकट आली होती, पण गोड शब्दांची. मोजक्या हावरट ग्राहकांमुळे आपला वेग कमी होत होता, त्यांच्यावर कारवाई सुरू आहे, सहकार्याबद्दल आभार, असं तिच्यात होतं. शिंपी खुशीत होता. कोणीतरी यांना वेसण घालायलाच हवी होती, असं तो म्हणाला. मग मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने सारवासारव केली, की तुमच्याबद्दल नाही म्हणत मी मास्तर, पण असतात काही लोक. वेग वाढला का, असं सूनबाईंनी विचारलं. वेग तसा तोच आहे, पण आता बरं वाटतं, असं त्याने सांगितलं.

पुढच्याच आठवड्यात ती गोष्ट घडली. सकाळी मास्तरांनी महत्प्रयासाने लाइन मिळवली आणि ताईंना ‘जेवणखाण नीट चाललंय ना’ असं विचारलं. खाली ताईंची अक्षरं सावकाश उमटू लागली.

‘मी आज पहाटेच पड’

आणि जोडणी तुटली.

मास्तर स्क्रीनकडे पाहत राहिले. मग त्यांनी नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला. मोडेमने शिट्टी मारली, घसा खरवडला आणि मास्तरांना कळवलं, की आपल्या खात्याची आजची जोडण्यांची संख्या वाजवीपेक्षा जास्त झालेली आहे. सूनबाईंनी ताईंच्या घरी फोन लावला. तो वाजत राहिला. ताईंना घंटा ऐकू येत नाही हे दोघांनाही माहीत होतं, तरी सूनबाईंनी रिसीव्हर बराच वेळ खाली ठेवला नाही. ताईंच्या शेजारणीचा फोन कोणी उचलेना. सूनबाईंनी मदतवाहिनीवर फोन करून म्हाताऱ्या माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे असं सांगितलं. पलीकडच्या मुलीने मनापासून सहानुभूती दाखवली आणि खातेदाराला फोनवर बोलायला सांगितलं.

मास्तरांनी पिशवी भरली. सासरा आणि सून मिळेल त्या बसने निघाले.

मास्तरांची सगळी हयात मुलांची अर्धवट वाक्यं पुरी करण्यात गेली होती. बसमध्ये ते तेच करत बसले. पड. पडसं, असेल का? मी आज पहाटेच पडसं, हे व्याकरणात बसेना. पडवी? ताईंच्या घराला पडवी नव्हती. पडताळा? पहाटे उठून पडताळा कोण घेतं? कुठलाही शब्द जोडून पाहिला तरी शेवटी वाक्य एकाच क्रियापदावर येऊन थांबे आणि मास्तर खिडकीबाहेर पाहू लागत. मग त्यांना सायकल आठवली. ती काळी होती, याबद्दल त्यांच्या मनात आजही तिळमात्र शंका नव्हती. तिच्या दांड्यावर बसून ते शाळेत गेले होते. पण ताईंना ती हिरवी हवी असेल, तर ती हिरवी होती. त्यात कोणाचं काय जातं? त्यांनी पाटी काढली, वाक्य लिहिलं, आणि पुसलं जाऊ नये म्हणून ती उरलेला प्रवासभर छातीशी न लावता गुडघ्यांवर आडवी धरून ठेवली. सूनबाईंनी वाक्य वाचलं आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

ताईंच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. ताई खिडकीजवळच्या खुर्चीत, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून बसल्या होत्या. मास्तर दारातच उभे राहिले आणि त्यांनी पाटी पुढे केली. ‘सायकल हिरवी होती.’

ताईंनी डोळे बारीक करून ती वाचली. “ते मला माहीत आहे,” त्या नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. “आधी ते दार लाव. पहाटे शेजारणीकडून पडदे काढून घेतले धुवायला, तेव्हापासून नुसतं ऊन येतंय डोळ्यावर. आणि न कळवता कसा काय आलास?”

मास्तर तिथेच उंबरठ्यावर बसले. ते हसतायत की रडतायत हे सूनबाईंना समजेना, कारण दोन्हींचा आवाज सारखाच, म्हणजे शून्य होता. ताईंना मात्र समजलं. त्या काठी टेकत उठल्या, भावाजवळ आल्या आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. एवढं रडण्यासारखं काय आहे, मी आधीपासून हिरवीच म्हणत होते, असं त्यांनी त्याला समजावलं.

परतताना बसमध्ये तिघं होते. सूनबाईंनी ताईंना घरी न्यायचंच असा हट्ट धरला होता. ताईंनी दोन दिवस आढेवेढे घेतले आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच पेटी भरली. मास्तरांच्या घरी आता दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसत. मास्तर पाटीवर लिहीत आणि ताई मोठ्याने उत्तर देत, त्यामुळे वादाची फक्त एक बाजू सगळ्या इमारतीला पाठ झाली. जोडणी दिवसभर चालू राही आणि कोणी ती तोडत नसे.

संगणकावर सूनबाईंनी अभ्रा घातला. खातं बंद करायला सासरा आणि सून पुन्हा ग्राहकसुख केंद्रात गेले. अधिकारी तितकाच नम्र आणि त्याचा शर्ट तितकाच स्वच्छ होता. त्याने खातं उघडलं आणि पुन्हा हळहळला. बंधन असलेलं खातं बंद करता येत नाही, असं त्याने सांगितलं. आधी ग्राहकाचा वापर वाजवी पातळीवर यावा लागतो, मग बंधन उठतं, आणि मग खुशाल बंद करा.

“आता वापरतच नाही, म्हणून तर बंद करायचंय,” सूनबाई म्हणाल्या.

“उत्तम. असंच काही महिने चालू ठेवा.”

मास्तरांनी पाटीवर लिहून ती सूनबाईंकडे दिली. सूनबाईंनी ती वाचली, अधिकाऱ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच जशीच्या तशी वाचून दाखवली. “बाबा म्हणतायत, तुमची अख्खी कंपनी बाकावर उभी करायला हवी.”

अधिकाऱ्याने ते सूचना म्हणून नोंदवून घेतलं. बाकांची सोय सध्या फक्त ग्राहकांसाठी असल्याचंही त्याने सांगितलं.

त्या महिन्यात शिंप्याच्या स्क्रीनवर चौकट आली. आपण आमच्या सेवेचा वापर करत असल्याचे निदर्शनास आले आहे, वगैरे. शिंपी चक्रावून गेला. त्याचा वापर तसूभरही वाढला नव्हता. पण त्यात न समजण्यासारखं काही नव्हतं. मास्तरांसारख्यांना कापल्यावर सगळ्यांची सरासरी खाली आली होती, आणि ती खाली आल्यावर शिंपी आपोआप तिच्या वर राहिला होता. त्याला कापल्यावर ती आणखी खाली आली. मग दिवसातून दोनदा पत्रं पाहणारा दातांचा डॉक्टर अतिवापरकर्ता ठरला, आणि त्याच्या मागोमाग दिवसातून एकदा पाहणारे. दर महिन्याला उरलेल्यांना गोड चौकट येई, की हावरटांवर कारवाई चालू आहे, आणि उरलेल्यांना बरं वाटे. आपल्यावर बंधन आलं की ते चुकून आलं आणि दुसऱ्यावर आलं की ते योग्य आलं, याबद्दल इमारतीत एकमत होतं.

हळूहळू लोकांना वापराची लाज वाटू लागली. मोडेमचा आवाज शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून त्यावर उश्या ठेवल्या जाऊ लागल्या. चार माणसांत बसल्यावर ‘आमच्याकडे आहे, पण आम्ही हात लावत नाही’ असं म्हणणं हे सभ्य घराचं लक्षण झालं. मुलीला सांगून आलेलं एक स्थळ, मुलगा रोज इंटरनेट लावतो असं कळल्यामुळे, मोडल्याचंही ऐकिवात आलं. शिंप्याने नमुने पाहणं सोडलं आणि सगळ्यांना एकाच कापाचे पोशाख शिवायला सुरुवात केली. सगळे पाहुणे सारखे दिसू लागल्याने लग्नांत वधू-वर ओळखता येईनात, पण वेळ वाचला.

अखेर सरासरी इतकी खाली आली, की तपासणीत सर्वांत मोठा अतिवापरकर्ता म्हणून खुद्द ग्राहकसुख केंद्राचंच खातं सापडलं. सगळ्यांचे वापर दिवसभर मोजत बसण्यात त्यांचा फार वापर होत होता. नियम सर्वांना सारखा, या तत्त्वाला जागून अधिकाऱ्याने आपली जोडणी आपल्या हाताने तोडली. मग कोण किती वापरतं हे कळायचा मार्गच उरला नाही, तेव्हा सर्वांवर अंदाजाने बंधन घालण्यात आलं.

एकच खातं असं निघालं, की जिथे हप्ता नियमित येत होता आणि वापर कित्येक महिने शून्य होता. कंपनीने ग्राहक मेळावा भरवला, आणि मास्तरांना व्यासपीठावर बसवून ‘आदर्श ग्राहक’ म्हणून गौरवण्यात आलं. अधिकाऱ्याने भाषणात सांगितलं, की एके काळचा अतिवापरकर्ता केवळ कंपनीच्या मार्गदर्शनामुळे इथवर पोचला. बक्षीस म्हणून मास्तरांना दुप्पट वेगाचा नवा मोडेम देण्यात आला. खोका शक्यतो उघडू नये, अशी विनंती होती.

पहिल्या रांगेतून ताईंचा आवाज आला. “हे कशाबद्दल देतायत ह्याला?”

सूनबाईंनी पाटीवर लिहिलं, ‘काही केलं नाही म्हणून.’

“मग बरोबर आहे,” ताई म्हणाल्या, आणि हॉलभर टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्यावर अधिकारी माईकजवळ आला. कंपनी सर्वांवरची बंधनं उठवायला एका पायावर तयार आहे, असं त्याने जाहीर केलं. फक्त मूठभर खरे दोषी कोण आहेत ते समजायला हवं. म्हणून तो दोन प्रश्न विचारणार होता, आणि लोकांनी प्रामाणिकपणे हात वर करायचे होते.

“आपल्या वाट्यापेक्षा जास्त वापरतं, असं इथे कोणी आहे?”

एकही हात वर झाला नाही.

“असं वापरणारं कोणी तुमच्या माहितीत आहे?”

हॉलमधले सगळे हात वर गेले. शिंप्याचे दोन्ही गेले. दातांचा डॉक्टर हात दिसावा म्हणून उभा राहिला. मास्तरांच्या हातांत खोका होता, त्यामुळे त्यांचं मत मोजलं गेलं नाही. अधिकाऱ्याने सर्वांचे आभार मानले, दाराशी एक पेटी ठेवल्याचं सांगितलं, आणि जाता जाता तिच्यात त्या व्यक्तीचं नाव टाकण्याची विनंती केली.

ती पेटी अजून उघडी आहे. हे वाचताना तुमच्याही डोळ्यांसमोर कोणीतरी येऊन गेलंच असेल. त्याचं नाव निःसंकोच टाका. नाव देणाऱ्याची ओळख कंपनी कटाक्षाने गुप्त ठेवते. म्हणूनच तुमचं नाव कोणी टाकलं, ते तुम्हाला सांगता येत नाही.